प्रौढांच्या शिक्षणप्रेरणेचे मापन : एका मोजपट्टीचा इतिहास

प्रौढ मनुष्यास शिकता येते काय, हा प्रश्न आधी निकालात निघावा लागला. तो शिकू का इच्छितो, हा प्रश्न त्यानंतरचा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२८ साली ‘ॲडल्ट लर्निंग’ या ग्रंथात दिले. तारुण्य ओसरले म्हणून शिकण्याची शक्ती नाहीशी होत नाही, तिचा ऱ्हास होतो तो मंद गतीने आणि अल्प प्रमाणात, हा त्यांचा निष्कर्ष होता, आणि शिकण्याचे वय निघून गेले ही सर्वत्र रूढ असलेली समजूत त्यामुळे शास्त्रीयदृष्ट्या निराधार ठरली. १९३५ साली त्यांनी ‘ॲडल्ट इंटरेस्ट्स’ हा दुसरा ग्रंथ लिहून प्रौढांच्या आवडीनिवडींकडे लक्ष वळविले. तथापि आवड ही एक गोष्ट व दिवसभराचे काम उरकून सायंकाळी वर्गात जाऊन बसण्याची प्रवृत्ती ही दुसरी. या दोहोंमधील अंतर थॉर्नडाइक यांच्या पद्धतीने मोजता येण्यासारखे नव्हते.

बालकाच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न फारसा उद्भवत नाही. सक्तीचा कायदा, आईबापांचा धाक आणि पुढल्या इयत्तेची ओढ ही त्याला शाळेत नेण्यास पुरेशी होतात. प्रौढ येतो तो स्वेच्छेने, आणि न येण्याचेही त्याला पूर्ण स्वातंत्र्य असते. म्हणून प्रौढशिक्षणाच्या क्षेत्रात ‘प्रेरणा’ ही संकल्पना जितकी मध्यवर्ती ठरली तितकी शालेय शिक्षणात ती कधीच नव्हती. तिच्या मापनाचा इतिहास हा वरवर पाहता केवळ तंत्राचा इतिहास आहे. वस्तुतः त्यात एक वाद प्रथमपासून गुंतलेला आहे. जो येत नाही, त्याच्या ठिकाणी इच्छेचा अभाव आहे असे मानावयाचे, की त्याची इच्छा पट्टीला दिसत नाही असे मानावयाचे? हा वाद व्यक्तीपुरता होता तोवर त्याचे परिणाम मर्यादित होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस संपूर्ण राष्ट्रेच एका पट्टीवर मोजली जाऊ लागली, तेव्हा त्याला निराळे वजन आले.

या इतिहासाचा आरंभ सामान्यतः १९६१ पासून धरतात. शिकागो विद्यापीठातील प्राध्यापक सायरिल हूल यांचे ‘द इन्क्वायरिंग माइंड’ हे छोटेखानी पुस्तक त्या वर्षी प्रसिद्ध झाले. ज्या पुस्तकातून पुढे हजारो प्रश्नावल्यांचा जन्म झाला, त्यात प्रश्नावली नव्हती हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. हूल यांनी शिकागोच्या परिसरातील अवघ्या २२ व्यक्तींच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. सतत काही ना काही शिकत राहणारे म्हणून ज्यांची ख्याती होती, अशाच व्यक्ती त्यांनी हेतुतः निवडल्या होत्या. या मुलाखतींवरून त्यांना शिकणाऱ्यांच्या तीन वृत्ती दिसल्या. काही जण विशिष्ट उद्देश मनाशी धरून शिकतात. अडचण वा गरज निर्माण झाली की ते शिक्षणाकडे वळतात आणि ती भागली की थांबतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसांना विषयाशी विशेष कर्तव्य नसते. एकटेपणा घालविणे, चार माणसांत मिसळणे, घरातील कटकटीपासून दोन घटका दूर राहणे यासाठी ते वर्गात येतात. तिसरा प्रकार ज्ञानासाठीच ज्ञान मिळविणाऱ्यांचा. त्यांना बहुधा लहानपणापासून वाचनाचे वेड असते व नोकरीची निवडदेखील ते तेथे काय शिकावयास मिळेल हे पाहून करतात.

या तीन वृत्ती म्हणजे तीन बंद पेट्या नव्हेत, कडांशी एकमेकांवर चढलेली ती तीन वर्तुळे आहेत, असे हूल यांनी स्वतःच बजावून ठेवले होते. हे बजावणे पुढील संशोधनात बरेचसे हरवले. शिवाय न शिकणारा एकही मनुष्य त्यांच्या अभ्यासात नव्हता. म्हणजे प्रेरणेच्या या प्रसिद्ध वर्गीकरणाचा पाया एका महानगराच्या आसमंतातील, आधीच शिक्षणाकडे वळलेल्या, दोन डझनांहूनही कमी माणसांच्या आत्मकथनावर उभा होता. हूल यांचा हा दोष म्हणता येणार नाही. त्यांनी अधिक दावा केलाच नव्हता.

युरोपात याच सुमारास, किंबहुना थोडे आधी, निराळ्या वाटेने जाण्याचा प्रयत्न झाला होता. इंग्लंडमध्ये विल्यम्स व हीथ यांनी १९३६ साली ‘लर्न अँड लिव्ह’ या पुस्तकात शिकणाऱ्या प्रौढांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत मांडले होते. जर्मनीत वोल्फगांग शूलेनबेर्ग यांनी हिल्डेसहाइम या शहराच्या परिसरात लोकांचे गट बसवून त्यांच्यात चर्चा घडवून आणल्या आणि त्यांचे निष्कर्ष १९५७ साली प्रसिद्ध केले. पुढे श्ट्रेलेव्हिट्स व राप्के यांच्यासह त्यांनी केलेला मोठा अभ्यास १९६६ मध्ये ग्रंथरूपाने आला. त्यात प्रातिनिधिक पाहणी, गटचर्चा आणि सखोल मुलाखती असे तीन टप्पे होते. जर्मन संशोधकांचा प्रश्नच मुळी वेगळा होता. तेथे शिक्षणास ‘बिल्डुंग’ हा शब्द आहे, आणि त्यात विद्येबरोबर संस्कार, घडण, सामाजिक प्रतिष्ठा हे सारे अंतर्भूत होते. सामान्य जर्मन मनुष्य बिल्डुंगविषयी मोठ्या आदराने बोलतो, तिचे महत्त्व मान्य करतो, आणि तरीही लोकविद्यालयाच्या वर्गात जात नाही, ही विसंगती या अभ्यासांतून ठळकपणे पुढे आली. इच्छा उच्चारणे आणि इच्छेप्रमाणे वागणे यांतील ही दरी पुढील प्रत्येक मापनात पुन्हा पुन्हा आडवी येणार होती.

अमेरिकेत मात्र हूल यांच्या वर्तुळांना आकड्यांत बसविण्याचा उद्योग लगोलग सुरू झाला. हूल यांचे विद्यार्थी शेफील्ड यांनी १९६४ साली पहिली सूची तयार केली. तिच्यातून तीनऐवजी पाच वृत्ती निघाल्या. १९७१ मध्ये बर्जेस यांनी आणखी एक प्रश्नावली सिद्ध केली. दरम्यान जॉनस्टन व रिव्हेरा यांची देशव्यापी पाहणी १९६५ साली प्रसिद्ध होऊन एका वर्षात सुमारे अडीच कोटी अमेरिकन प्रौढ कोठे ना कोठे काही शिकले होते असा अंदाज पुढे आला, आणि प्रौढशिक्षण हा मूठभरांचा छंद नसून मोठा सामाजिक व्यवहार आहे हे सर्वांना पटले. आता ‘ते का येतात’ हे जाणून घेण्यात विद्यापीठांना, नगरपालिकांना व कारखानदारांनाही रस वाटू लागला.

मोजपट्टी म्हणून जी खऱ्या अर्थाने देशोदेशी गेली, ती मात्र न्यूझीलंडमध्ये जन्मली. रॉजर बोशियर यांनी वेलिंग्टन शहरातील २३३ प्रौढ विद्यार्थ्यांना ४८ कारणांची एक यादी दिली व त्यांतील प्रत्येक कारणाचा आपल्या प्रवेशावर कितपत प्रभाव होता, हे नोंदविण्यास सांगितले. हे विद्यार्थी सायंशाळा, कामगार शैक्षणिक संघ आणि विद्यापीठाचा बहिःशाल विभाग अशा निरनिराळ्या ठिकाणांहून निवडले होते. उत्तरांचे घटक-विश्लेषण केल्यावर १४ प्राथमिक घटक मिळाले. हूल यांच्या तीन वर्तुळांच्या मानाने हे चित्र बरेच गुंतागुंतीचे होते, असे बोशियर यांनी १९७१ च्या आपल्या निबंधात दाखवून दिले. ‘शिक्षण-सहभाग श्रेणी’ म्हणून ही यादी पुढे प्रसिद्धीस आली. सुधारित आवृत्तीत तिचे प्रश्न ४० झाले व घटक सहा राहिले: सामाजिक संपर्क, सामाजिक चेतना, व्यावसायिक उन्नती, समाजसेवा, इतरांच्या अपेक्षा आणि ज्ञानविषयक जिज्ञासा.

बोशियर यांच्यामागे एक सिद्धांतही होता. मॅस्लो यांच्या मानसशास्त्राच्या आधारे ते शिकणाऱ्यांचे दोन भाग करीत: उणीव भरून काढण्यासाठी येणारे आणि विकासाच्या ओढीने येणारे. ही विभागणी आकर्षक आहे यात शंका नाही, पण तिच्यात एक मूल्यनिर्णय दडलेला आहे. नोकरी टिकविण्यासाठी हिशेबनीस होऊ पाहणारा कामगार उणिवेच्या खात्यात जातो, तर निवृत्त वकील इतिहासाच्या वर्गात बसला की तो विकासाच्या खात्यात. एकाची परिस्थिती आणि दुसऱ्याची प्रेरणा यांची तुलना होत आहे, हे श्रेणीवरील आकड्यांत दिसत नाही.

१९८५ साली बोशियर व कॉलिन्स यांनी आफ्रिका, आशिया, न्यूझीलंड, कॅनडा व अमेरिका येथील मिळून १३,४४२ विद्यार्थ्यांची उत्तरे एकत्र केली आणि हूल यांचे वर्गीकरण दोन तपांनंतर कसोटीस लावले. त्या काळी एवढी सामग्री या विषयात कोणाहीजवळ नव्हती. निष्कर्ष असा की, हूल यांची ज्ञानोन्मुख वृत्ती स्वतंत्र घटक म्हणून बऱ्यापैकी स्पष्टपणे उभी राहते. परंतु ज्याला त्यांनी केवळ सहवासाची वृत्ती म्हटले तिच्यात संपर्क, चेतना, इतरांच्या अपेक्षा व समाजसेवा अशा भिन्न धाग्यांची गुंतवण आहे. स्थूलमानाने तीन वर्तुळे टिकली. मात्र या अभ्यासाने एक प्रश्न विचारलाच नाही. वेलिंग्टनमध्ये ‘इतरांच्या अपेक्षा’ या शीर्षकाखाली येणारे उत्तर आशियातील एखाद्या शहरात त्याच अर्थाने दिले जाते काय? एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांच्या इच्छेने शिकणारा मनुष्य बाह्य दडपणाखाली शिकतो असे म्हणावयाचे, की ती इच्छा त्याचीच झालेली असते? देशादेशांचे ढीग एका राशीत ओतल्यावर असा भेद शोधण्यास जागा उरत नाही.

श्रेणीची रचनाच काय दिसावे व काय दिसू नये हे ठरविते, याचे उत्तम उदाहरण बोशियर यांच्याच पुढील कार्यात मिळते. १९९१ साली त्यांनी तिचे पर्यायी रूप सिद्ध केले. त्यात सात घटक होते आणि त्यांत ‘कौटुंबिक एकोपा’ व ‘भाषिक व्यवहारात सुधारणा’ यांसारखे घटक नव्याने आले. समाजसेवा आणि इतरांच्या अपेक्षा हे दोन जुने घटक गळाले. म्हणजे मुलांच्या अभ्यासात मदत करता यावी म्हणून शिकणारी आई, किंवा नव्या देशात येऊन तेथील भाषा शिकणारा स्थलांतरित, यांच्या प्रेरणेला १९९१ पूर्वी या पट्टीवर स्वतंत्र खूण नव्हती. त्यांच्या मनात ती नव्हती असे कोणी म्हणणार नाही. पुढे बोशियर व त्यांचे चिनी सहकारी यांनी हीच पट्टी शांघायमध्ये नेली व सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६६ ते १९७६ या वर्षांत, ज्यांचे शिक्षण बुडाले त्या ‘हरवलेल्या पिढी’च्या संदर्भात २००६ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. बुडालेली शाळा भरून काढणे, ही प्रेरणा न्यूझीलंडच्या पहिल्या यादीतील कोणत्याही कारणापेक्षा अगदी निराळ्या इतिहासातून आलेली आहे.

स्वीडनमध्ये या सर्व विचाराला वेगळे वळण मिळाले. तेथे अभ्यासमंडळांची परंपरा १९०२ पासूनची. ऑस्कर ओल्सन यांनी लुंड येथे पहिले मंडळ सुरू केले. सत्तरीच्या दशकात चेल रुबेन्सन यांनी अपेक्षा आणि मूल्य यांच्या गुणाकारातून सहभागाचे स्पष्टीकरण दिले. मनुष्याला शिक्षणाचे फळ मोलाचे वाटले, पण ते आपल्या हाती लागेल अशी आशा नसली, तर गुणाकार शून्याजवळ जातो आणि तो वर्गाकडे फिरकत नाही. त्याला निरिच्छ म्हणणे चूक. त्याने आपल्या अनुभवावरून केलेला तो हिशेब असतो. याच काळात स्वीडिश संसदेने नोकरवर्गाला शैक्षणिक रजेचा हक्क देणारा कायदा केला. तो १९७५ पासून अंमलात आला. प्रेरणा वाढविण्यासाठी उपदेश करण्याऐवजी हिशेबातील एक आकडाच राज्याने बदलला, असे या कायद्याचे वर्णन करता येईल.

राष्ट्राराष्ट्रांची खरी तुलना सुरू झाली ती १९९४ नंतर. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय प्रौढ साक्षरता पाहणीची पहिली फेरी झाली. वाचनाच्या कसोट्यांबरोबर, शिक्षण घेतले असल्यास नोकरीसाठी घेतले की स्वतःच्या आवडीसाठी, आणि घ्यावयाचे होते पण घेता आले नाही असे काही होते काय, हेही तीत विचारले गेले. फ्रान्सने या पाहणीत भाग घेतला. परंतु निकाल प्रतिकूल दिसताच भाषांतर व पद्धती यांवर आक्षेप घेऊन १९९५ साली त्यातून अंग काढून घेतले. यात राष्ट्रीय अभिमानाचा भाग नव्हता असे नाही. तरीही एका भाषेत रचलेला प्रश्न दुसऱ्या भाषेत गेल्यावर तोच राहतो काय, ही शंका त्यामुळे उघडपणे मांडली गेली.

त्यानंतर आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने हाती घेतलेल्या आणि आद्याक्षरांवरून ‘पियाक’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाहणीने या विषयाचे प्रमाणच बदलले. २०११-१२ मध्ये २४ देशांतील १६ ते ६५ वयाच्या सुमारे १,६६,००० प्रौढांना प्रश्न विचारण्यात आले. निकाल ऑक्टोबर २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. भारत या देशांत नव्हता. पार्श्वभूमीच्या लांबलचक प्रश्नावलीत शिकण्याच्या वृत्तीविषयी सहा विधाने होती: नवीन गोष्टी शिकणे आवडते काय, नवे ऐकले-वाचले की ते प्रत्यक्ष जीवनाशी जोडून पाहता काय, अवघड गोष्टीच्या मुळाशी जाणे आवडते काय, अशा स्वरूपाची. उत्तरे ‘मुळीच नाही’ पासून ‘फार मोठ्या प्रमाणात’ पर्यंतच्या पाच पायऱ्यांवर द्यावयाची होती. हूल यांच्या दीर्घ मुलाखतींचे काम आता काही क्षणांत उरकणार होते.

या सहा विधानांवरून काढलेल्या निर्देशांकात उत्तर युरोपातील देश व अमेरिका वरच्या भागात आले आणि जपान व कोरिया तळाशी. हा निकाल बुचकळ्यात टाकणारा होता. वाचनक्षमतेत याच पाहणीत जपान अग्रस्थानी होता. कोरियात एका वर्षात कोणत्या तरी शिक्षणात भाग घेतलेल्या प्रौढांचे प्रमाण जवळजवळ निम्मे, म्हणजे सर्व देशांच्या सरासरीइतके होते. जो समाज शिकतो, आणि चांगले शिकतो, त्याला शिकण्याची आवड सर्वांत कमी, हे मान्य करण्यापूर्वी पट्टीकडे पुन्हा पाहणे प्राप्त होते.

जुन्या काळी एका बाजारपेठेची पायली दुसऱ्या बाजारपेठेच्या पायलीइतकी नसे. दोन्ही ठिकाणी दहा पायल्या धान्य मोजले, तरी माल सारखा भरत नसे. मानसिक श्रेणीच्या बाबतीत हीच अडचण तीन स्तरांवर येते. पहिला स्तर असा की, प्रश्नांचा समूह दोन्ही देशांत एकाच गुणाभोवती गोळा झाला पाहिजे. दुसरा असा की, प्रत्येक प्रश्नाचा त्या गुणाशी असलेला संबंध दोन्हीकडे सारख्याच बळाचा हवा. एवढे सिद्ध झाले तर प्रत्येक देशात या गुणाचा वय, शिक्षण वा नोकरी यांच्याशी काय संबंध आहे, याची तुलना करता येते. परंतु कोणत्या देशाची सरासरी अधिक, हे म्हणावयाचे तर तिसरी व सर्वांत कठीण अट पुरी व्हावी लागते: गुण सारखाच असलेल्या दोन देशांतील माणसांनी प्रश्नावरही सारखीच खूण केली पाहिजे. पायलीचा तळ दोन्हीकडे एकाच उंचीवर असला पाहिजे, असे म्हणता येईल.

तिसरी अट मोडण्यास भाषा पुरेशी असते. ‘आवडते’ या एका शब्दाकडे पाहिले तरी हे कळेल. मराठीत आवड, हौस, ओढ, गरज, जिद्द ही प्रत्येकी निराळी भावना आहे. ‘शिकायची हौस’ आणि ‘शिकायची जिद्द’ एकाच माणसाच्या ठिकाणी असतील असे नाही. यांपैकी कोणता शब्द भाषांतरकाराने घेतला, यावर पायऱ्यांवरील खुणा सरकतील. सवयीचाही भाग आहे. चेन, ली व स्टीव्हन्सन यांनी १९९५ साली जपान, तैवान, कॅनडा व अमेरिका येथील विद्यार्थ्यांची तुलना केली, तेव्हा पूर्व आशियातील मुले मधल्या पायरीकडे आणि अमेरिकन मुले टोकाच्या पायऱ्यांकडे अधिक वळतात असे आढळले. मात्र हा फरक लहान असून त्याने देशांच्या सरासरींची तुलना उलटत नाही, असेही त्याच संशोधकांनी नमूद केले. म्हणून जपान-कोरियाच्या आकड्यांचे सारे खापर उत्तर देण्याच्या सवयीवर फोडणे हेही घाईचे ठरेल.

गोर्गेस व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २०१६ साली पियाकच्या २१ देशांतील उत्तरे या कसोट्यांवर घासून पाहिली. सहांपैकी चार विधानेच त्यांनी ठेवली. ही चार विधाने एका गुणाभोवती समाधानकारक रीतीने गोळा होतात असे दिसले. तिसऱ्या अटीच्या बाबतीत मात्र अंशतः समतेवरच समाधान मानावे लागले. संशोधनाच्या दृष्टीने हा निकाल निराशाजनक नाही. उलट पट्टी कोठवर विश्वासार्ह आहे हे त्यामुळे कळले. पण अहवालांच्या तक्त्यांत देशांची नावे एकाखाली एक छापली जातात, तेव्हा ‘अंशतः’ हा शब्द तक्त्याच्या बाहेर राहतो.

आणि काही प्रेरणा अशा आहेत की, ज्या व्यक्तीला विचारून सापडणारच नाहीत. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व पुढे ती महाराष्ट्रात पसरली. तीत साक्षरतेचे एकक मनुष्य नसून गाव होते. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. अशा गावातील चाळिशीच्या शेतकऱ्याला ‘नवीन गोष्टी शिकणे तुम्हांस कितपत आवडते’ असे पाच पायऱ्यांवर विचारले असते, तर त्याने मधल्या पायरीवर खूण केली असती की खालच्या, हे सांगणे कठीण आहे. पण सायंकाळी तो पाटी घेऊन बसत होता, कारण त्याच्यावाचून गावाचा समारंभ अडला असता. बोशियर यांच्या श्रेणीत याला ‘इतरांच्या अपेक्षा’ म्हणावे लागेल, आणि ते नाव त्या गावकऱ्याला ओळखूही आले नसते.

पट्टी व्यक्तीच्या मनावर न ठेवता राज्याच्या रचनेवर ठेवली तर काय दिसते, हे रुबेन्सन व देजार्दां यांनी २००९ साली युरोपीय जनमत-पाहणीच्या २००३ च्या सामग्रीवरून तपासले. उत्तर युरोपात सहभाग सर्वाधिक आहे, म्हणून तेथील लोकांपुढे अडथळे कमी असतील, असा साधा तर्क होता. तो खरा ठरला नाही. वेळ नाही, घर आणि नोकरी यांतून सवड नाही, ही कारणे तेथील लोकही इतर देशांतील लोकांइतक्याच प्रमाणात सांगत होते. फरक एवढाच होता की, स्वीडन, डेन्मार्क यांसारख्या देशांत ही कारणे सांगणारी माणसेही पुष्कळ प्रमाणात वर्गात येऊन बसलेली होती.